पहिल्या बक्षिसानंतर



या वेळचं पत्र पोस्टानं आलेलं नाही, हातात आलं. संध्याकाळी मी कळंब्याच्या तलावाच्या बांधावर फिरायला जाते, हे आमच्या भागातल्या पोराटोरांना आता पक्कं ठाऊक झालंय. कुणी कोडं विचारतं, कुणी नुसतंच "मावशी, आज कितवी फेरी?" म्हणून जातं. गेल्या बुधवारी नववीतली एक मुलगी सायकल टेकवून उभी होती. हातात घडी घातलेला कागद. "मावशी, घरी जाऊन वाचा. इथं नको," म्हणाली आणि मी चष्मा काढेपर्यंत टांग मारून गारगोटी रोडच्या दिशेनं गेलीसुद्धा.

पत्र दीड पानांचं. तिला विचारून, तिचं नाव गाळून, त्यातलं थोडं तुम्हांला सांगते.

गेल्या वर्षी तिनं एक गोष्ट लिहिली. आजीच्या म्हशीची. म्हैस विकायची ठरते, व्यापारी येतो, आणि ऐन वेळी आजी म्हणते, "हिला पान्हा सुटतोय तो माझ्या आवाजानं, तो आवाज पण घेऊन जाणार काय?" एवढीच गोष्ट. शाळेतल्या बाईंनी ती एका स्पर्धेला पाठवली आणि जिल्ह्यात पहिला नंबर आला. मग काय विचारता! कोल्हापूरचं प्रेम जरा मोठ्या आवाजाचं असतं, हे तुम्ही जाणताच. चौकात डिजिटल बोर्ड लागला, त्यावर तिचा फोटो आणि खाली शुभेच्छुकांचे सतरा फोटो. शाळेत सत्कार झाला, नारळ आणि फेटा. घरी कुणी पाहुणं आलं, की पप्पा म्हणायचे, "वाच गं ती म्हशीची गोष्ट." पाहुणे डोळे पुसायचे. हिलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

आता यंदाची गोष्ट. जूनमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी सर म्हणाले, "यंदा राज्यात नंबर काढायचा बरं का!" चुलते म्हणाले, बोर्ड यंदा डबल साईजचा लावू. आणि ही रोज वही उघडते, तारीख घालते, आणि बसते. एक ओळ येत नाही. एकदा आली, दोन पानं भराभर लिहून झाली, आणि वाचून बघते तर काय? म्हशीच्या जागी शेळी होती आणि आजीच्या जागी आजोबा. बाकी गोष्ट तीच. तिनं ती पानं फाडून बंबात टाकली.

पत्राची शेवटची ओळ अशी होती : "मावशी, मला आता वाटतंय की पहिला नंबर आला नसता तर बरं झालं असतं. असं वाटणं वाईट आहे का?"

वाईट नाही गं. मी ही ओळ वाचून बराच वेळ खिडकीत बसले होते, कारण मला माझा संध्यामठ आठवला.

तोही सांगते. मी सहावीत असताना रंकाळ्यावर चित्रकलेची स्पर्धा होती. मी पाण्यातला संध्यामठ काढला. आकाश जांभळं केलं होतं, कारण माझ्या पेटीतला निळा रंग संपला होता. परीक्षकांना ते जांभळं आकाश फार आवडलं आणि मला बक्षीस मिळालं. त्यानंतर मामांना संध्यामठ हवा, आत्याला संध्यामठ हवा, बाबांच्या साहेबांना फ्रेम करून संध्यामठ हवा. आकाश जांभळंच पाहिजे! मी वीसेक तरी संध्यामठ काढले असतील. आईनं नवीन निळा रंग आणून दिला, तर त्याला हात लावायची मला भीती वाटायची. पुढं आठवीत मी ब्रशच ठेवून दिला, तो बरीच वर्षं हातात घेतला नाही. आमच्या नातेवाइकांत तीन घरांत तो मठ अजून टांगलेला आहे. त्यांच्याकडे जेवायला गेले, की मी त्याच्याकडे पाठ करून बसते.

असो. माझी गोष्ट ब्रश ठेवून दिला तिथंच संपते, म्हणून ती फार उपयोगाची नाही. उपयोगाची गोष्ट दुसऱ्या एका मुलाची आहे. तो आपल्यापासून फार लांबचा नव्हे. कोल्हापूरहून बेंगळुरूच्या हमरस्त्यानं निघालं, की दोन-अडीच तासांत बेळगाव येतं. त्या बेळगावजवळ सुळेभावी नावाचं गाव आहे. तिथं ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली नावाचा मुलगा जन्माला आला. घरात वडिलांना गाण्याचा नाद. मुलगा लहानपणी गात वगैरे नव्हता. आणि एक दिवस अचानक गायला लागला. कसं, तर त्या काळच्या मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या, म्हणजे ग्रामोफोनच्या रेकॉर्डी असत. त्या ऐकून हा सात-आठ वर्षांचा पोरगा त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. त्यातली तान, हरकत, खटका, सगळं. अब्दुल करीम खाँ म्हणा, फैयाज खाँ म्हणा, डोळे मिटून ऐकावं तर समोर तेच बसलेत असं वाटावं.

एका मठाच्या स्वामींनी त्याचं गाणं ऐकून त्याला नाव दिलं, कुमार गंधर्व. गंधर्व म्हणजे देवांचा गवई, आणि कुमार म्हणजे अर्थातच लहान मुलगा. ते नाव त्याला जन्मभर चिकटलं.

त्या वेळचे त्याचे फोटो छापलेले मिळतात, बघा कधीतरी. एवढासा मुलगा आणि छातीवर पदकंच पदकं. वडिलांबरोबर गावोगाव मैफली व्हायच्या. लोक लोटायचे. मुंबईच्या जिना हॉलमध्ये एक संगीत परिषद भरली होती, तिथं हा गायला तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. समोर नुसते हौशी श्रोते नव्हते, गाण्यात मुरलेली मंडळी बसली होती. तीही थक्क झाली, कौतुकाचा आणि बक्षिसांचा पाऊस पडला. अहो, आपला डिजिटल बोर्ड त्यापुढं काहीच नव्हे!

आता जरा थांबून विचार करा. या मुलाकडून लोकांची अपेक्षा काय असणार? हीच, की उद्या पुन्हा तसंच गा. परवा पुन्हा तसंच. आणि अडचण अशी होती, की "तसंच" म्हणजे त्याचं स्वतःचं काहीच नव्हतं. ते रेकॉर्डीतलं होतं. सात वर्षांच्या मुलानं खाँसाहेबांसारखं गायलं, की लोक तोंडात बोट घालतात. तीस वर्षांच्या माणसानं तेच केलं, तर लोक घड्याळ बघतात.

इथं एक मोठी गोष्ट घडली, आणि तिचं श्रेय मी त्याच्या वडिलांना देते. मैफली जोरात चालू होत्या, नाव झालं होतं, तरी त्यांनी मुलाला १९३६ च्या सुमारास मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या हवाली केलं. देवधर हे विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांची गाण्याची शाळा होती. स्वभावानं असे, की कुठल्याही घराण्याचा चांगला गवई मुंबईत आला, की त्याला ऐकायचं, त्याच्याकडून चार चिजा घ्यायच्या, जमलं तर शाळेत आणून गाववायचं. अशा माणसाकडे हा पदकवाला मुलगा विद्यार्थी म्हणून दाखल झाला.

म्हणजे काय झालं ते लक्षात येतंय का? ज्याच्या गाण्याला हॉल भरत होता, तो आता सा-रे-ग-म शिकायला बसला. राग म्हणजे काय, त्याचे स्वर कोणते, या सुरावर का थांबायचं आणि त्या सुरावर का थांबायचं नाही, हे सगळं मुळापासून. रेकॉर्डीतला राग गळ्यातून काढता येत होता, पण तो आतून कसा बांधलेला असतो हे समजून घेणं निराळं. तुमच्यातला एखादा इंग्रजी गाणं फर्मास म्हणतो आणि अर्थ विचारला की खांदे उडवतो, तसंच काहीसं. कुमार देवधरांकडे वर्ष-दोन वर्षं नव्हे, सुमारे अकरा वर्षं राहिले. तिथं शिकले, पुढं तिथंच शिकवूही लागले.

आमच्या या पत्रलेखिकेनं म्हशीची शेळी केली ना, तेव्हा तीही रेकॉर्डच लावत होती. फरक इतकाच, की रेकॉर्ड तिची स्वतःचीच होती. आणि दुसऱ्याच्या नकलेपेक्षा स्वतःची नक्कल जास्त फसवी असते, कारण ती नक्कल आहे असं कुणी म्हणत नाही. सगळे म्हणतात, वा, आपली शैली सापडली! तिनं ती ओळखली आणि बंबात घातली. मला विचाराल तर त्या बंबातल्या दोन पानांत तिची समज दिसते. मला सहावीत एवढी समज नव्हती, मी वीस संध्यामठ काढले.

बरं, पुढं काय झालं? पुढं जे झालं ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये. १९४७ मध्ये कुमारांचं लग्न झालं, भानुमतींशी. त्याही देवधरांच्याच शिष्या. आणि त्याच सुमारास कुमारांना क्षय झाला. आज क्षयाचं निदान झालं, तर सरकारी दवाखान्यात औषधं मिळतात आणि ती नीट पूर्ण घेतली की बहुतेक रोगी बरे होतात. तेव्हा तसं नव्हतं. क्षयावर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं होतं, पण आपल्याकडे ते मिळणं फार मुश्कील आणि महाग. डॉक्टरांचा सल्ला एकच असायचा, कोरड्या हवेच्या ठिकाणी जा आणि विश्रांती घ्या. म्हणून हे जोडपं माळव्यात, मध्य भारतातल्या देवास या गावी गेलं. ते देवासला पोहोचले तो दिवस होता ३० जानेवारी १९४८. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

कुमार तेव्हा चोवीस वर्षांचेही नव्हते. गाणं बंद. डॉक्टरांनी बजावलं होतं, गायचं नाही. ज्या मुलाला सगळा देश गाण्यासाठी ओळखत होता, तो आता खाटेवर पडून. एक-दोन महिने नाही, पाच-सहा वर्षं! तुम्ही पाचवीत असताना गप्प बसलात आणि दहावीत बोललात, असा हिशेब करा. भानुमतींनी नोकरी करून घर चालवलं आणि शुश्रूषा केली. या बाईंचं नाव गाण्याच्या इतिहासात लहान अक्षरांत येतं, ते मला फारसं पटत नाही.

पडल्या पडल्या माणूस काय करणार? ऐकणार. घराच्या आसपास माळव्यातल्या बायका कामं करताना, सणावारांना, लग्नात गाणी म्हणायच्या. चार-पाच सुरांची गाणी, आपल्याकडच्या ओव्यांसारखी. फिरते भजनी यायचे, कबीराची निर्गुणी पदं गाऊन पुढं जायचे. कुमार ऐकत राहिले. पुढं बरं वाटायला लागलं तशी ती गाणी उतरवून घेऊ लागले, जमवू लागले. आणि त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली, ती अशी, की ज्या रागांना आपण शास्त्रीय, मोठे, अवघड म्हणतो त्यांचं बी या साध्या धुनांत आहे. राग आधी आणि लोकगीत नंतर असं नसून लोकगीत आधी, राग नंतर.

एक सांगते. आजारपणामुळं कुमार मोठे झाले असं कुणी म्हणालं तर माझा विरोध आहे. क्षयानं कुणी मोठं होत नाही, क्षयानं माणसं मरत होती. मुद्दा एवढाच, की त्या वर्षांत त्यांच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती. समोर श्रोते नव्हते. पदकं पेटीत होती. "गा गं ते म्हशीचं" म्हणणारा पाहुणा नव्हता! आयुष्यात पहिल्यांदाच ते नुसते ऐकणारे झाले होते.

नव्या औषधानं गुण आला आणि १९५२-५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. एक फुफ्फुस निकामी झालं होतं. पूर्वीसारखी लांबच लांब तान त्या श्वासात मावणारी नव्हती. आता ते गात ते छोट्या छोट्या तुकड्यांत, सूर टाकायचा आणि सोडून द्यायचा, मधल्या शांततेलाही गाण्यात घ्यायचं. हे गाणं जिना हॉलमधल्या मुलाचं नव्हतंच. लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले, मालवती, लगनगंधार, सहेली तोडी अशी त्यांची नावं आहेत. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वेळी गांधी मल्हार नावाचा राग केला. कबीराची भजनं मैफलीत आणली. पावसाळ्याची गाणी, वसंताची गाणी असे सबंध कार्यक्रम बसवले. १९६५ मध्ये आपल्या बंदिशींचं पुस्तक काढलं, अनूपरागविलास.

सगळ्यांना आवडलं का? छे! पुष्कळ जाणकार नाराज होते. हे कुठल्या घराण्याचं गाणं, असं विचारायचे. रागाची मोडतोड केली म्हणायचे. त्यात काही माणसं अशीही असणार, ज्यांनी त्यांना लहानपणी ऐकलं होतं आणि ज्यांच्या कानात अजून तोच चमत्कारी पोरगा होता. अशा माणसांना तुम्ही काहीही ऐकवा, ती म्हणणार, "पूर्वीसारखं नाही राहिलं." माझ्या आत्यालासुद्धा निळं आकाश आवडलं नसतंच.

कुमारांनी त्यांचं ऐकून घेतलं की भांडले, तर दोन्ही केलं असेल, ते काही मवाळ गृहस्थ नव्हते. पण जुनी रेकॉर्ड पुन्हा लावली नाही. १९९० मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच ते गेले, तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट होतं, आणि लोक त्यांना अजून कुमारच म्हणत होते.

आता तुमच्यातला एखादा चौकस वाचक म्हणेल, "मावशी, ते कुमार गंधर्व होते. आम्ही कुठं?" बरोबर आहे. म्हणून दुसरं एक नाव सांगते. 'श्यामची आई' हा सिनेमा तुम्ही शाळेत पाहिला असेल, निदान घरात आजीनं तरी पाहिला असेल. आचार्य अत्र्यांचा, १९५३ मधला. आपल्या देशात चित्रपटांना राष्ट्रपतींचं सुवर्णपदक द्यायला सुरुवात झाली, त्यातलं अगदी पहिलं याच सिनेमाला मिळालं. त्यात श्यामचं काम करणारा शाळकरी मुलगा म्हणजे माधव वझे. एका सिनेमानं महाराष्ट्रभर घराघरांत पोहोचलेला चेहरा! आता यानं मोठेपणी नट व्हायलाच हवं, नाही का? वझे इंग्रजीचे प्राध्यापक झाले. नाटकांचा अभ्यास केला, नाटकं बसवली, वर्तमानपत्रात नाटकांची परीक्षणं लिहिली. मधूनमधून सिनेमात छोटी कामंही केली. मे २०२५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा बातम्यांत पहिला शब्द "श्याम" हाच होता. पण मधली सत्तर वर्षं ते आपलं काम करत होते. ते आपल्या पहिल्या यशाचे थकबाकीदार म्हणून जगले नाहीत, असं मला दुरून वाटतं.

आणि आपल्याच जिल्ह्यातले शिवाजी सावंत. आजऱ्याचे. कोल्हापुरात शिक्षक होते. कर्णावरची 'मृत्युंजय' ही कादंबरी १९६७ मध्ये आली, तेव्हा ते जेमतेम सत्तावीस वर्षांचे. केवढी गाजली ती, घरी विचारा. पुढची मोठी कादंबरी 'छावा' १९७९ मध्ये आली. मध्ये बारा वर्षं गेली. त्यानंतर 'युगंधर' २००० मध्ये. म्हणजे या माणसानं पुढच्या दिवाळीच्या आत दुसरा कर्ण काढला नाही. माहिती गोळा करायची तेवढी केली, फिरायचं तेवढं फिरले, आणि तयार झालं तेव्हा दिलं. तरी लोक शेवटपर्यंत त्यांना मृत्युंजयकारच म्हणाले. नावाला इलाज नसतो.

अजून एक आठवलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोल्हापुरात देवल क्लब आहे, तो तुम्ही बाहेरून तरी पाहिला असेल. गाण्याची ही संस्था १८८३ पासूनची. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब नावाचे थोर गवई होते. तरुणपणी अति गाण्यानं त्यांचा आवाज गेला होता. पूर्वीचा मोकळा आवाज परत आला नाही, तेव्हा जो आवाज उरला त्याला शोभेल अशी पेचदार, वळणावळणाची गायकी त्यांनी रचली. आज जिला जयपूर घराणं म्हणून मान आहे, ती हीच. लोकांना जुनाच आवाज हवा होता, आणि तो द्यायला खाँसाहेबांकडे नव्हताच. मला ही गोष्ट कुमारांच्या गोष्टीच्या शेजारी ठेवायला आवडते.

आता पत्राचं उत्तर. हे मी तिला बांधावरच तोंडी सांगितलं, तुम्हांलाही सांगते.

पहिलं म्हणजे यंदाची स्पर्धा सोड. सरांना मी सांगू का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "नको, मीच सांगते, तुम्ही सांगितलं तर पप्पांना वाटंल मी तक्रार केली." शहाणी आहे. सरांना एवढंच सांगायचं, की या वर्षी माझ्याकडं गोष्ट तयार नाही. खरं बोलायला लाज कसली? शेतकरी नाही का सांगत, यंदा या वावरात ऊस नाही, रान पडीक ठेवलंय म्हणून. त्याला कुणी आळशी म्हणत नाही.

दुसरं, घरी पाहुण्यांपुढं म्हशीची गोष्ट वाचणं बंद. पप्पांना वाईट वाटेल, थोडं वाटू दे. त्यांना अभिमान आहे आणि अभिमान दाखवायची त्यांना दुसरी रीत ठाऊक नाही. त्यांना सांग, तुम्हीच वाचून दाखवा, मी चहा करते. बघ, एकदा स्वतः वाचायची वेळ आली, की त्यांचाही उत्साह बेताचा होतो की नाही. (पप्पा, तुम्ही हे वाचत असाल तर रागावू नका. माझ्या बाबांनी माझा संध्यामठ साहेबांना दिला होता, त्याबद्दल मी त्यांच्याशी कधी भांडले नाही, पण भांडायला हवं होतं असं आता वाटतं.)

तिसरं जरा अवघड आहे. एक वही अशी घ्यायची, जी कुणाला दाखवायची नाही. त्यात गोष्टी लिहायच्या नाहीत. ऐकलेलं लिहायचं. बस स्टॉपवर बायका काय बोलल्या, दूधवाला आजीशी कसा हुज्जत घालतो, आयटीआयची पोरं पावसात आडोशाला उभी राहून काय टिंगल करतात, तलावावर धुणं धुताना कोण कुणाला हाक मारतं. जसं कानावर पडलं तसं. वीस पानं. त्याची गोष्ट होईल न होईल, ते बघायचं नाही. म्हशीची गोष्ट कुठून आली होती? आजीच्या त्या एका वाक्यातून. ते वाक्य तिनं बनवलं नव्हतं, ती गोठ्याच्या दारात उभी होती म्हणून ऐकलं होतं. नंबर आल्यावर ती गोठ्याच्या दारातून उठून स्टेजवर जाऊन बसली, आणि स्टेजवर आजीचा आवाज येत नाही.

तिनं विचारलं, "आणि वीस पानं झाल्यावर तुम्ही वाचणार?"

मी म्हटलं, "नाही."

"तुम्ही पण नाही?"

"मी पण नाही. मागितली तरी देऊ नकोस."

हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "आणि त्यातनं काहीच आलं नाही तर?" मी म्हटलं, तर तू नववीतली एक मुलगी असशील, जिनं आठवीत एक फक्कड गोष्ट लिहिली होती. ती गोष्ट कुणी परत घेऊन जाणार नाही. पुढं डॉक्टर हो, फौजदार हो, तुझ्या आजीसारखी म्हशी पाळ. तिनं जरा वेळ तलावाकडं बघितलं आणि म्हणाली, "व्हय, पण मला लिहायचंय." मी त्यावर काही बोलले नाही.

तुमच्यापैकी कुणाचं असं झालं असेल, गाण्यात, चित्रात, नाचात, नाहीतर नुसतं पहिल्या चाचणीत पहिला नंबर आल्यामुळं, तर मला कळवा. बक्षीस मिळालं हे सगळेच कळवतात, बक्षिसानंतर काय झालं ते कुणी लिहीत नाही. पत्रावर नाव घालू नका म्हणालात तर नाही घालणार.

यंदा पाऊस चांगला झालाय. कात्यायनीच्या डोंगराकडून पाणी येतंय आणि तलाव भरलाय. काही उन्हाळ्यांत या तलावाचा तळ उघडा पडलेला मी पाहिलाय, भेगाळलेला, पोरं त्यात क्रिकेट खेळत होती. परवा रविवारी मी नेहमीसारखी फिरायला गेले, तर ती बांधाच्या दगडावर बसली होती. मांडीवर वही, सायकल आडवी टाकलेली. खालच्या बाजूला दोन बायका कुणाच्या तरी सुनेबद्दल मोठमोठ्यानं बोलत होत्या आणि हिचं पेन भराभर चाललं होतं. मी हाक मारली नाही. सांडव्यापर्यंत जाऊन परत आले, तेव्हा त्या बायका निघून गेल्या होत्या, अंधारून आलं होतं, आणि ती वही डोळ्यांजवळ धरून अजून लिहीत होती.

तुमची,
मावशी